आंत काय आहे ?

गेल्या वैशाखांत एका लग्नकार्यानिमित्त पुण्याहून मुंबईस जाण्याचा योग आला. भाड्याची मोटार होती, आणि बरोबर माझा दहा वर्षांचा भाचा होता. जुन्या रस्त्यानें घाट उतरतांना पुढें वाहनांची रांग लागली व आमची गाडी एका भल्या मोठ्या टँकरच्या मागें येऊन थांबली. भाचा खिडकींतून डोकावून म्हणाला, "मामा, त्या पाटीवर १२०३ असें लिहिलें आहे. तें कशाला ?"

मीं विचार न करतां ठोकून दिलें कीं, तो गाडीचा कसला तरी क्रमांक असावा. आमचा चालक पन्नाशी उलटलेला, मितभाषी गृहस्थ होता. तो आरशांतून माझ्याकडे पाहून सौम्यपणें म्हणाला, "गाडीचा नव्हे, साहेब, आंतल्या मालाचा आंकडा आहे तो. १२०३ म्हणजे पेट्रोल. मीं बारा वर्षें टँकर चालविला आहे."

पुढें त्यानें सांगितलें कीं, अशा गाडीच्या चालकाजवळ एक कार्ड असावें लागतें, आणि अपघात झाला तर काय करावें व काय करूं नये हें त्यावर छापलेलें असतें. "मग तुमच्याजवळ असे ना तें ?" मीं विचारलें. "आमचा मालक तें फार जपून ठेवी," तो म्हणाला, "मळूं नये, हरवूं नये म्हणून कचेरींतल्या कपाटांत, कुलूप लावून." भाचा हंसला, मीहि हंसलों. चालक मात्र हंसला नाहीं.

रांग सुटली, टँकर निघून गेला, लग्नहि यथासांग पार पडलें. पण तें कुलपांतलें कार्ड कांहीं केल्या माझ्या मनांतून जाईना. कारण ज्या मुंबईकडे आम्ही चाललों होतों, तिनेंच एके काळीं वेळेवर हातीं न आलेल्या माहितीची फार मोठी किंमत मोजली आहे. ती हकीकत पुष्कळांना ऐकून माहीत असते. पण तिचें मर्म बहुधा ध्यानीं येत नाहीं. म्हणून प्रथम तीच सांगतों.

व्हिक्टोरिया गोदींतील दुपार

'फोर्ट स्टिकीन' हें सुमारें सात हजार टनांचें मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून हिंदुस्थानाकडे निघालें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा, लढाऊ विमानें आणि सोन्याच्या १२४ लगडी होत्या. कराचीस कांहीं माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेंत सुमारें ८,७०० गांसड्या कापूस, वंगणाच्या तेलाचीं पिंपें, लांकूड, गंधक, राळ असा नानाविध माल भरण्यांत आला. कप्तान नेस्मिथ यांना ही भरणी मुळींच पसंत नव्हती. परंतु युद्धाची निकड अशी कीं, जहाजाचा एकहि कोपरा रिता ठेवणें परवडत नव्हतें. आपल्या घरची गृहिणी काडेपेटी आणि रॉकेलची बाटली एका फळीवर ठेवीत नाहीं. येथें तर एकाच खणांत खालीं कापूस आणि वर स्फोटकें अशी रचना झाली !

१२ एप्रिल रोजीं जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत धक्क्याला लागलें. स्फोटकें वाहणाऱ्या जहाजानें तांबडें निशाण लावावें असा दर्यावर्दी लोकांचा जुना दंडक आहे. या जहाजावर तें निशाण नव्हतें. आजूबाजूस दुसरीं जहाजें उभीं होतीं, धक्क्यावर शेंकडों माणसें राबत होतीं. परंतु आपण कशाच्या शेजारीं उभे आहोंत, हें त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक होतें.

१४ तारखेस दुपारीं साडेबाराच्या सुमारास जवळच्या जहाजांवरील कांहीं लोकांना 'फोर्ट स्टिकीन'च्या हवेच्या नळांतून धूर निघतांना दिसला. पण कोणीं हांक दिली नाहीं. दोन वाजण्याच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणांत आग असल्याचें उघड झालें, आणि बंब मागविण्यासाठीं मनुष्य धांवला. स्फोटकांच्या जहाजास आग लागल्यास कळविण्याचा एक निराळा सांकेतिक निरोप ठरलेला होता. परंतु हाताशीं आलेला टेलिफोन उपयोगी पडेना, म्हणून नेहमीच्या आगीची घंटा दाबण्यांत आली. त्या घंटेला 'आग' एवढेंच सांगतां येत होतें. 'कशाची' हें सांगतां येत नव्हतें. त्यामुळें प्रथम दोनच बंब आले.

मागाहून आणखी बंब आले. नऊशें टनांहून अधिक पाणी जहाजांत ओतलें गेलें, तरी आगीचें मूळ सांपडेना. उलट पाणी चढूं लागलें तशा जळत्या गांसड्या त्यावर तरंगत वर, म्हणजे नेमक्या स्फोटकांच्या बाजूला, जाऊं लागल्या. इतक्यांत लष्कराच्या दारूगोळा खात्यांतील एक अधिकारी जहाजावर आला. माल कोठें कसा रचला आहे त्याचा नकाशा त्यानें पाहिला, आणि हें जहाज उडालें तर सारी गोदी उडेल असें बजावून तें जागच्या जागीं बुडविण्याचा सल्ला दिला. हा कागद जहाजावर पहिल्यापासून होता. त्याचा अर्थ सांगणारा मनुष्य मात्र मागाहून आला, आणि तोंपर्यंत फार वेळ निघून गेला होता.

मग खल सुरू झाला. बुडवावें तर गोदींतलें पाणी पुरेसें खोल नाहीं. समुद्रांत ओढून न्यावें तर वाटेंतच स्फोट व्हावयाचा. सर्वांवर चालेल असा एक हुकूम कोणाचाच सुटला नाहीं. ३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडण्याची आज्ञा झाली आणि ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. पुढच्या अर्ध्या तासांत दुसरा, त्याहूनहि प्रचंड असा झाला. सुमारें १,७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद उमटली. 'जलपद्म' नांवाचें चार हजार टनांचें जहाज उचललें जाऊन त्याचा मागचा भाग एका वखारीच्या छपरावर जाऊन आदळला. जळता कापूस आकाशांतून शहरावर पडला आणि मांडवीकडील वखारी व वस्ती पेटत गेली.

मृतांची संख्या निरनिराळ्या हिशेबांत ८०० पासून १,३०० पर्यंत दिली जाते. ८०,००० माणसें बेघर झालीं. मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. कप्तान नेस्मिथहि परतले नाहींत. युद्धकाळच्या निर्बंधांमुळें वृत्तपत्रांना ही वार्ता मोकळेपणानें छापण्याची परवानगी मे महिन्यापर्यंत मिळाली नाहीं. सोन्याच्या लगडींचें संरक्षण मात्र कसोशीनें केलेलें होतें: त्या पोलादी टाकींत घालून तिचें झांकण वेल्डिंगनें पक्कें केलें होतें. जेवढी दक्षता सोन्याबद्दल घेतली, तिच्या शतांशानें जरी 'येथें काय आहे' हें पहिल्या बंबवाल्याला सांगण्याबद्दल घेतली असती, तर त्या ६६ घरांपैकीं कित्येक घरांतले दिवे विझले नसते.

धैर्य होतें, माहिती नव्हती

हें दुर्दैव एकट्या मुंबईचें नव्हे. ६ डिसेंबर १९१७ रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत 'मों ब्लां' या फ्रेंच जहाजाची दुसऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन त्यास आग लागली. जहाजांत दोन हजार टनांहून अधिक स्फोटकें होतीं. परंतु शत्रूच्या पाणबुड्यांचें लक्ष वेधूं नये म्हणून त्यावर तांबडें निशाण लावलेलें नव्हतें. खलाशी किनारा गांठून ओरडत पळाले. पण त्यांची भाषा बहुतेकांना समजली नाहीं. जळतें जहाज पाहण्यासाठीं गांवकरी खिडक्यांच्या कांचांशीं उभे राहिले. त्या दिवशीं सुमारें १,८०० लोक मेले, आणि कांचा डोळ्यांत शिरून कित्येक आंधळे झाले. अपवाद एकच. व्हिन्सेंट कोलमन नांवाच्या रेल्वेच्या तारबाबूला जहाजांत काय आहे हें कळलें होतें. तो पळतां पळतां परत फिरला, येणाऱ्या गाडीला थांबविण्याची तार त्यानें दिली, आणि तो तेथेंच मेला. माहिती एकाला होती. त्यानें ती पुढें पोहोंचविली.

तसेंच १६ एप्रिल १९४७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास सिटी येथें घडलें. 'ग्रँडकँप' जहाजांत सुमारें २,३०० टन अमोनियम नायट्रेट होतें. लोकांच्या लेखीं तें निव्वळ खत ! आग लागतांच मालाची नासाडी टळावी म्हणून पाण्याऐवजीं फाळके बंद करून आंत वाफ सोडण्यांत आली. लांकूडसामान पेटलें असतें तर ही युक्ति योग्य ठरली असती. कारण हवा कोंडली कीं सामान्य आग गुदमरते. पण या खताच्या पोटांतच प्राणवायु असतो. त्यास बाहेरची हवा लागत नाहीं, आणि उष्णतेनें तर तें अधिकच चवताळतें. नारिंगी रंगाचा सुंदर धूर पाहावयास धक्क्यावर माणसें जमलीं होतीं. किमान ५८१ लोक मेले. आगीशीं झुंजावयास गेलेल्या गांवच्या अग्निशामक दलांतील एक सोडून सर्व जवान त्यांत होते.

या तिन्ही ठिकाणीं धैर्याचा तुटवडा नव्हता आणि पाण्याचाहि नव्हता. तुटवडा होता तो एका साध्या उत्तराचा. आंत काय आहे, आणि त्याच्याशीं कसें वागावें ? वैद्य कितीहि निष्णात असला, तरी रोग्यानें काय गिळलें आहे हें न कळतां त्यानें दिलेलें औषध घातकहि ठरूं शकतें. तोच न्याय येथें लागू आहे.

सात प्रश्न आणि एक टेलिफोन

अनुभवानें माणूस शहाणा होतो. मात्र फार उशिरां. १९५६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयीं आपल्या शिफारशी प्रथम प्रसिद्ध केल्या. आज असा सर्व माल नऊ वर्गांत विभागलेला असून प्रत्येक द्रव्याला चार आंकडी क्रमांक दिलेला आहे. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन, १८३० म्हणजे गंधकाम्ल, १९४२ म्हणजे तेंच टेक्सास सिटीचें खत. भाषा कोणतीहि असो, आंकडा एकच. हॅलिफॅक्सच्या खलाशांची हांक ज्या भिंतीवर आपटून परतली, ती भिंत या आंकड्यानें पाडली आहे. या यादींत ओल्या कापसालाहि क्रमांक आहे, हें पाहून मुंबईकराला सुस्कारा टाकल्याशिवाय राहवत नाहीं.

पण नुसतें नांव कळून भागत नाहीं. अमेरिकेच्या कायद्यानें अशा मालाबरोबर सात गोष्टी लिहून देण्याचें बंधन घातलें आहे: मालाचें नेमकें वर्णन, आरोग्यास तात्काळ कोणता धोका आहे, आग वा स्फोट होण्याचा संभव काय, अपघात होतांच कोणती दक्षता घ्यावी, आग लागल्यास ती कशी हाताळावी, आग नसून माल सांडला वा गळूं लागला तर आरंभीं काय करावें, आणि प्रथमोपचार कोणते. सातहि प्रश्न पहिल्या कांहीं मिनिटांचेच आहेत. रसायनशास्त्राचा ग्रंथ तेथें कोणीं मागितलेला नाहीं.

त्याहून मार्मिक आहेत त्या या माहितीच्या जागेविषयींच्या अटी. माहिती मालाच्या पेटींत ठेवून चालत नाहीं. जळत्या पेटींतला कागद कोण वाचणार? ती मालापासून दूर, चटकन् हातीं येईल अशी असावी लागते. ट्रकचा चालक आपल्या जागीं बसलेला असतांना मालाचा कागद त्याच्या हाताच्या टप्प्यांत असावा. तो खालीं उतरला तर कागद त्याच्या दाराच्या आंतल्या कप्प्यांत किंवा बसण्याच्या जागेवर ठेवावा, म्हणजे तो बेशुद्ध झाला तरी दार उघडणाऱ्याच्या नजरेस पडेल. कागदावर टेलिफोनचा एक आंकडा असलाच पाहिजे, आणि माल मार्गावर असेतोंवर, रात्रीं-अपरात्रींहि, त्या टेलिफोनवर जाणता मनुष्य हजर पाहिजे. 'निरोप ठेवा, मागाहून कळवूं' असें उत्तर देणारें यंत्र चालत नाहीं. आगीला मागाहून नसतें.

बंबवाल्यांसाठीं म्हणून अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या देशांनीं मिळून एक छोटी पुस्तिका केली आहे. ती दर चार वर्षांनीं सुधारून निघते. पिवळ्या पानांत आंकड्यावरून, निळ्या पानांत नांवावरून द्रव्य शोधावें, आणि मग नारिंगी पानावरील सूचना वाचावी. विषारी वायु असेल तर लोकांना किती दूर न्यावें हें हिरव्या पानांत सांपडतें. आणि आंत काय आहे हें कांहीं केल्या कळलेंच नाहीं तर ? त्यासाठींहि एक पान राखून ठेविलें आहे. अज्ञान कबूल करून वागण्याची ही रीतहि शिकण्यासारखी आहे.

आपल्या रस्त्यावर

आपल्या देशांत १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांनीं हीच व्यवस्था घातली आहे. माल पाठविणाऱ्यानें त्याची पूर्ण व खरी माहिती गाडीच्या मालकास द्यावी. चालकास तें कार्ड द्यावें व त्यानें तें गाडींत बाळगावें. चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितां-वाचतां यावी आणि त्यानें या कामाचें खास शिक्षण घेतलेलें असावें. गाडीच्या दोन्ही बाजूंस व मागें पाटी असावी. तीवर द्रव्याचें नांव, चार आंकडी क्रमांक, टेलिफोन, आणि दोनतीन अक्षरांची एक खूण असते. गॅसच्या टँकरवर 'टू वाय ई' अशी खूण दिसेल. पहिला आंकडा आग विझविण्याचें साधन सांगतो. दोन म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, तीन म्हणजे फेंस, चार म्हणजे पाण्याचा थेंबहि नको. शेवटीं 'ई' असल्यास आसपासची वस्ती हलविण्याचा विचार करावा असा त्याचा अर्थ.

नियम चांगले आहेत. ते कपाटांत राहतात कीं गाडींत, एवढाच प्रश्न आहे.

माहिती हातीं असली म्हणजे काय होतें याचेंहि उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. २५ मे २०२५ रोजीं केरळाजवळ 'एमएससी एल्सा ३' हें जहाज सुमारें ६४० कंटेनरांसह बुडालें. कंटेनरांपैकीं १३ धोकादायक मालाचे असून १२ मध्यें कॅल्शियम कार्बाइड आहे, हें यादीवरून लगेच कळलें. या द्रव्याला पाणी लागलें कीं ज्वालाग्राही वायु सुटतो. किनाऱ्यावर कंटेनर वाहून येण्याचा संभव दिसतांच गांवोगांवीं सूचना गेल्या कीं, जवळ जाऊं नका, हात लावूं नका, दिसल्यास कळवा. समुद्राची व कोळ्यांची हानि टळली नाहीं, हें खरें. पण कुतूहलानें पेटी उघडावयास गेलेला कोणी मनुष्य त्या यादीमुळें वांचला असेल, तर तें श्रेय थोडें नव्हे.

आपलें काम कोणतें ?

वाचकहो, आपण कोणी जहाजांचे कप्तान नव्हे. पण आपणहि मालाचे प्रेषक असतों. दिवाळीचे फटाके एस्. टी.नें भावाकडे धाडतांना 'फराळ' म्हणून सांगणारे सज्जन आपल्याच आळींत राहतात. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं मदुरै येथें यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यांत चोरून आणलेल्या गॅसच्या टाकीमुळें आग लागून नऊ माणसें मेलीं. तीं माणसें देवदर्शनास निघालीं होतीं. कोणाचें वाईट करावें असें त्यांच्या मनांतहि नव्हतें. आंत काय आहे हें लपविणें म्हणजे पुढच्या अनोळखी माणसाच्या जिवावर आपली सोय साधणें होय.

आणि रस्त्यांत टँकर उलटलेला दिसला तर ? पाहावयास जाऊं नये. वारा ज्या बाजूनें येत असेल त्या बाजूस, उंचावर व दूर उभें राहावें, कारण गॅस व पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें सखल जागीं सांचते. विडी-काडी पेटवूं नये. इंजिन बंद करावें. पाटी लांबून वाचतां आली तर वाचावी आणि ११२ वर तो चार आंकडी क्रमांक सांगावा. येणाऱ्या बंबवाल्याला तुम्ही देऊं शकाल अशी याहून मोलाची मदत नाहीं. सांडलेलें पेट्रोल भरून घेण्याचा मोह तर प्राणघातकच आहे. जून २०१७ मध्यें पाकिस्तानांतील अहमदपूर येथें त्या मोहानें दोनशेंहून अधिक माणसें जळून मेलीं.

१४ एप्रिल हा दिवस भारतांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. भायखळ्याच्या अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यांत त्यांचें स्मारक आहे. त्यांना फुलें वाहावींत, हें योग्यच. पण आगीकडे धांवत येणाऱ्या पुढच्या माणसाला 'आंत काय आहे' हें आधीं सांगणें, हें त्यांचें खरें श्राद्ध.

लग्नाहून परत आल्यावरची गोष्ट सांगून पुरें करतों. भाच्यानें वाटेंत दिसेल त्या टँकरचा आंकडा वाचण्याचा सपाटा लावला होता, आणि चालक त्याला अर्थ सांगत होता. घरीं आल्यावर हातपाय धुण्यास तो मोरींत गेला आणि कोपऱ्यांतली सरबताची एक जुनी बाटली हातीं घेऊन बाहेर आला. लेबलावर संत्र्याचें चित्र होतें. "मामा, ह्यांत काय आहे ?"

त्यांत फरशी घासण्याचें ॲसिड होतें. किती महिन्यांपासून तें त्या बाटलींत होतें, हें घरांत कोणालाच सांगतां आलें नाहीं. बाटली त्याच्या हातून हलकेंच काढून घेतांना माझा हात कांपला. त्याच रात्रीं तें ॲसिड मीं ठरलेल्या बाटलींत परत ओतलें, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकविली, आणि ती बाटली मुलांचा हात पोहोंचणार नाहीं अशा फळीवर ठेविली. टँकरच्या मालकाला हंसण्याचा अधिकार मला नव्हता, हें तेव्हां उमगलें.